हवा नसलेल्या बरणीतला आवाज

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल जव्हारला यावं. बरणी अजून शाळेत आहे. जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण हर्षाली समोर बसून सांगेल. फक्त जरा जपून विचारा, हल्ली ती फार चिडते.

आणि रात्र-बित्र काही नव्हती हं. भर दुपार होती. गेल्या जानेवारीतला मंगळवार, शाळेची प्रयोगशाळा, जेवणाची सुट्टी.

विज्ञान प्रदर्शनासाठी हर्षालीनं भन्नाट काहीतरी काढलं होतं. बुध ग्रहावरून माल फेकणारी तोफ! दारू नाही, रॉकेट नाही. नुसती तांब्याच्या तारेची कॉइल. तिच्यात झटक्यात वीज सोडली की लोखंड खेचलं जातं आणि सुसाट उडतं.

पण दर फेकीला कॉइल तापते. आपल्याकडे हवा लागून निवते तरी. बुधावर हवाच नाही. तिथे तिला थंड कोण करणार?

हर्षालीकडे उत्तर होतं. कॉइलला काळे रंगवलेले पत्र्याचे पंख लावायचे, उष्णता किरणांनी निघून जाते. हे दाखवायला तिनं शाळेतली काचेची मोठी बरणी कॉइलवर पालथी घातली. तिच्यातली हवा ओढायला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावला. आधी पंखांशिवाय तापमान मोजायचं, मग पंख लावून. शुक्रवारी कमलेश सर निवड करणार, आणि निवडलेलं एकच मॉडेल जिल्ह्याला पालघरला जाणार.

पण पहिलाच तक्ता भरेना.

कॉइल चाळीसपर्यंत तापायची... आणि एकदम चोवीसवर यायची.

पुन्हा बटण. पुन्हा चाळीस. पुन्हा चोवीस.

"तुझा बुध फ्रिजमध्ये ठेवलाय का गं?" तिची मैत्रीण वर्षा डबा खाता खाता म्हणाली.

"तू भाकरी खा. तोंड बंद करून खा."

तिनं तापमापकाची वायर बदलली. बुधवारी बरणीचं रबर बदललं. बोटं सोलली. वैताग वैताग झाला नुसता!

गुरुवारी ती एकटीच होती. कॉम्प्रेसर घरघरत होता. बरणीतली हवा निघून गेली होती. कॉइलमधला लोखंडी खिळा वर उडून काचेवर आपटताना दिसायचा, पण ऐकू येत नव्हता. बरोबरच आहे, हवा नसेल तर आवाज बाहेर येत नाही. आठवीत शिकलोय आपण.

छत्तीस... अडतीस... चाळीस...

कॉम्प्रेसरची घरघर थांबली.

तो बंद पडला नव्हता. हाताला थरथर लागत होती. फक्त आवाज नव्हता. बाहेर मैदानावरची पोरंही गप्प.

आणि मग बरणीच्या आतून...

थप्प.

ओलं गोणपाट कशावर तरी टाकावं तसा आवाज.

चोवीस.

कॉइलवरून पाण्याचा एक थेंब ओघळला. हवा काढलेल्या बरणीत पाणी असं टिकत नाही हो! उकळून वाफ होऊन जातं. हा थेंब मात्र सावकाश, निवांत खाली आला.

संध्याकाळी ती धावतच लाडक्यामामाच्या दुकानात गेली. मामा जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देतो. कॉइलची तार त्यानंच फुकट दिली होती.

"मामा, ती तार कुठली होती?"

"सूर्यमाळ गावच्या विहिरीवरची मोटर नव्हती का? मे महिन्यात जळली ती. आतली थोडी तार चांगली निघाली, तीच दिली तुला. का गं?"

हर्षाली दुकानातल्या नव्या तारेच्या रिळांकडे बघू लागली.

"तिथल्या भागी म्हातारीनं लय जपली ती मोटर," मामा हातातली तार ओढत म्हणाला. "दुपारी लाइट आली का म्हातारी गोणपाट ओलं करून बसायची बाजूला. मोटर तापली का टाकलं वर. धा वरीस जळू नाय दिली. ती गेली त्याच दिवशी जळली बघ."

"मामा, मला नवीन तार दे. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण झालं काय पोरी?"

"दे ना!"

दुकान बंद होईपर्यंत तिनं नवी कॉइल गुंडाळली. जुनी तार मामाच्या भंगारात टाकून आली.

शुक्रवार. कमलेश सर वही घेऊन समोर बसले, मागे सगळा वर्ग. बरणीत नवी कॉइल, पंख नाहीत.

चाळीस... पंचेचाळीस... पन्नास...

"वा! आता कसं," सर म्हणाले. हर्षालीनं चार दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडला.

पंचावन्न...

कॉम्प्रेसरची घरघर थांबली.

"नको," ती पुटपुटली. "आज नको ना..."

थप्प.

चोवीस.

सरांनी आधी आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उठून त्यांनी बरणीची तोटी उघडली. फस्स करून हवा आत शिरली. म्हणजे हवा खरंच काढलेली होती. त्यांनी बरणी उचलली आणि कॉइलवरून चिमटीत काहीतरी धरलं.

गोणपाटाचा धागा. ओलाचिंब.

"ओलं फडकं ठेवून तापमान पाडतेस? माझ्यासमोर?"

"सर, मी नाही ठेवलं!"

"मग कोणी ठेवलं? बुधावरून आलं?"

सगळा वर्ग हसला. पालघरला दुसऱ्याच कुणाचं तरी मॉडेल गेलं.

हे सगळं तिनं मला परवा सांगितलं. मी म्हटलं, "तार बदलली होतीस ना? मग भागी पुन्हा कशी आली?"

हर्षालीनं चार्जिंगला लावलेला मोबाइल काढून हातात घेतला. मग चिडूनच बोलली.

त्याआधीच्या मे महिन्याच्या सुट्टीत ती सूर्यमाळला होती. मोटर जळाली त्या दुपारी विहिरीवर भागी तिला म्हणाली होती, "पोरी, मी पाड्यावरून येते तवर गोणपाट ओलं ठेवशील?"

"हो," म्हणून हर्षाली झाडाखाली मोबाइल बघत बसली. मोटर जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे तिनं मान वर केली.

भागी परत आलीच नाही. ऊन लागून वाटेतच पडली होती.

"मग तू हे कुणालाच का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं?" ती माझ्यावर ओरडली. आणि मोबाइल माझ्या हातात कोंबला.

तो चार्जिंगवरून नुकताच काढलेला होता. तापलेला असायला हवा होता.

बर्फासारखा गार होता. आणि मागच्या बाजूनं... ओला.