डोलकाठीवरून तीन वेळा

हे खरं घडलेलं आहे.

मी एकतीस वर्षं ग्रंथालयाची फिरती गाडी चालवली. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं गावोगाव पोचवली. रचलेली गोष्ट कशी असते ते मला ठाऊक आहे. ही तशी नाही. मला ती नीट सांगता येईल की नाही, एवढीच शंका आहे.

माझं नाव मॉरिस पडी. वय सत्त्याहत्तर. गाव विथीमूर, इंग्लंडातलं सॉमरसेट.

तारीख १७ नोव्हेंबर १९८४, शनिवार. आमच्या कार्निव्हलची संध्याकाळ.

वेळसुद्धा सांगतो. आठला वीस मिनिटं कमी होती.

आमच्याकडे प्रत्येक गावाचा एक क्लब असतो आणि प्रत्येक क्लबचा एक चित्ररथ. वर्षभर शेडमध्ये दार लावून तो बांधायचा आणि नोव्हेंबरात रस्त्यावर काढायचा. पुढे ट्रॅक्टर, मागे जनरेटर, मध्ये वीस हजार दिवे. काही रथांवर लोक नाचतात. आमच्या रथावर लोक पुतळे होतात. मिरवणूक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हलायचं नाही. दोन तास. नाक खाजलं तरी नाही, पाऊस आला तरी नाही. परीक्षक कुठे उभे असतील ते ठरलेलं नसतं, आणि एक बोट हललं तरी गुण जातात.

त्या वर्षी आमचा देखावा होता बर्फात अडकलेलं जहाज. नऊ खलाशी, थंडीनं गोठलेले.

सगळ्यात उंच डोलकाठीवर माझा धाकटा भाऊ. ऑब्री.

तो सत्तावीस वर्षांचा होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एक हात पुढे करून तो दूरवर काहीतरी दाखवतोय, अशी त्याची भूमिका होती. कमरेला पट्टा. हाताला आधार म्हणून बाहीच्या आत लोखंडी पट्टी. त्याच्यासारखा स्थिर उभा राहणारा माणूस साऱ्या परगण्यात नव्हता. मला ते कधी जमलं नाही. माझे हात थरथरतात, लहानपणापासून. म्हणून मी तारा जोडायचो.

एक तार महत्त्वाची होती.

प्रत्येक खलाशाच्या उजव्या पायाखाली एक बटण होतं. कुणाला चक्कर आली, काही झालं, तर हात न हलवता बटण दाबायचं. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये छोटा लाल दिवा लागायचा. दिवा लागला की ट्रॅक्टर थांबवायचा.

ती तार मी जोडली होती. दिव्यामागच्या जोडावर मी पुस्तकांचे कणे चिकटवायची कापडी पट्टी गुंडाळली. ऑब्री शेजारी उभा राहून हसत होता. त्यानं माझ्या पिशवीतून तारखेचा शिक्का काढला आणि त्या पट्टीवर मारला. १७ नोव्हेंबर १९८४.

"तार वेळेवर परत कर बरं का, मॉरिस," तो म्हणाला. "नाहीतर दंड लागेल."

ट्रॅक्टर चालवणार होता डेझ्मंड व्हाउल्स, क्लबचा कॅप्टन. टोपल्या विणायला लागणाऱ्या विलोच्या झाडांची शेती करणारा धिप्पाड माणूस. लहानथोर सगळ्यांना 'राजा' म्हणायचा. आदल्या वर्षी एका खलाशाला लघवीची घाई झाली. त्यानं बटण दाबलं आणि ट्रॅक्टर नेमका परीक्षकांसमोर थांबला. पहिल्या क्रमांकाचा कप दोन गुणांनी गेला. डेझ्मंड वर्षभर ते विसरला नव्हता. सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, दुसरा ग्लास झाला की विषय तिथेच यायचा. पण तो हसत बोलायचा. सगळे हसायचे.

मिरवणूक सात वाजता निघाली.

मी मागे जनरेटरपाशी चालत होतो. मला ऑब्रीची पाठ दिसत होती... आणि पुढे केलेला हात.

चर्चचा कोपरा आला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. आठला वीस कमी. डिझेल बघायचं होतं म्हणून पाहिलं. तेव्हा काहीच जाणवलं नाही. भाऊ होतो मी त्याचा. पण काहीच जाणवलं नाही.

कोपऱ्यापलीकडे, बँकेच्या पायऱ्यांवर, परीक्षक उभे होते.

नऊला आम्ही गुरांच्या बाजाराच्या मैदानात पोचलो. संगीत बंद झालं. खलाशी पाय झाडत, कण्हत खाली उतरले. आठ जण.

ऑब्री वरच होता. हात पुढे.

"अरे, परीक्षक घरी गेले," कुणीतरी ओरडलं. "आता तरी उतर."

लोक हसले. एकानं टाळ्या वाजवल्या.

तो हलला नाही.

मग हळूहळू हसणं थांबलं... एकेकाचं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय. झडप जन्मापासून कमजोर असणार. तासभर आधी आणला असता तर कदाचित वाचला असता, असंही म्हणाले. ते वाक्य त्यांनी का बोलावं, मला अजून कळत नाही.

मी बाहेर बाकावर बसलो होतो. डेझ्मंड आला, शेजारी बसला, माझ्या खांद्यावर हात टाकला.

"राजा, एक सांगतो. ते तुझ्यामाझ्यात राहील," तो म्हणाला. "दिव्यामागची तार सुटली होती. आत्ता बघितली. मी परत जोडून टाकली. कुणाला कळायचं नाही."

मी रडलो. आणि त्याचे आभार मानले.

मला शंका आली नाही. मला शंका येते ती नेहमी स्वतःची.

कप आम्हालाच मिळाला. परीक्षकांनी लिहिलं होतं, डोलकाठीवरच्या माणसाची पापणीही लवली नाही.

एकोणतीस वर्षं मी ते गुपित सांभाळलं. डेझ्मंडनंही सांभाळलं, असं मला वाटायचं. तो म्हणेल ते मी करायचो. त्याची पत्रं लिहायचो, भाषणं लिहायचो. रथ रंगवायचो. त्यानं कधी आठवण करून दिली नाही. नुसता खांद्यावर हात ठेवायचा.

आई मात्र दर नोव्हेंबरात विचारायची.

"त्यानं बटण दाबलं असेल का रे?"

"नाही, आई. त्याला कळलंच नाही. एका क्षणात गेला."

दाबलं असेल असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न तारेचा आला असता. आई ब्याण्णव साली गेली. जायच्या आदल्या दिवशीही तिनं विचारलं. मी तेच उत्तर दिलं.

आता शेडमधलं सांगतो.

पहिल्यांदा ऐकलं ते पुढच्याच वर्षी, कार्निव्हलच्या आठवड्यात. मी एकटा रंग देत होतो. जहाज केव्हाच मोडलं होतं, पण डोलकाठी तुळयांवर आडवी ठेवली होती. ऑब्रीच्या पायाखालची फळी अजून तिला होती.

वरून आवाज आला.

टक...

टक...

टक.

लाकडावर बुटाची टाच दाबल्यासारखा. तीन वेळा. मग शांत.

लाकूड थंडीत वाजतं. मी तसंच म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा आला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. नेहमी तीनदाच.

मला वाटलं, तो मला दोष देतोय. तार तुझी होती, असं म्हणतोय. मी रेडिओ आणला आणि मोठ्यानं लावून ठेवला. डेझ्मंड शेडमध्ये आला की स्वतःच रेडिओचा आवाज आणखी वाढवायचा. त्यालाही संगीत आवडत असेल, असं मला वाटायचं. त्या रात्रीनंतर त्यानं ट्रॅक्टर कधी चालवला नाही. गुडघे दुखतात म्हणायचा.

२०१३ चा ऑक्टोबर. मंगळवार. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर स्वच्छ ऊन.

मी शेडमध्ये जवसाच्या तेलाचा डबा शोधत होतो. जुना निळा ट्रॅक्टर कोपऱ्यात उभा होता. सोमवारी तो कुणी संग्राहक घेऊन जाणार होता. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच काढलेली.

रेडिओ चालू होता.

मधेच बंद पडला.

मी वळून पाहिलं. प्लग जागच्या जागी होता. वरचा दिवाही जळत होता. फक्त रेडिओ गप्प.

टक...

टक...

टक.

मी मान वर केली नाही. कारण समोर, ट्रॅक्टरच्या केबिनच्या धुळकट काचेवर... लाल उजेड पडला होता.

मी एकोणतीस वर्षांत त्या केबिनमध्ये पाय ठेवला नव्हता. माझी चूक मला बघायची नव्हती. त्या दिवशी मी चढलो. का, ते सांगता येत नाही. मी भित्रा माणूस आहे.

सीटवर उजेड होता. स्टीअरिंगवर होता. मी हात पुढे केला, हातावरही पडला. बोटं लाल दिसत होती.

मी दिव्याकडे पाहिलं.

दिवा नव्हता.

नुसती खोबणी. आत कोळ्याचं जाळं.

मी खोबणीमागे बोटं घातली. जोड हाताला लागला. कापडी पट्टी, माझीच. तिच्यावर ऑब्रीचा शिक्का. पट्टीच्या दोन वळशांवरून तो सलग गेला होता, एकही अक्षर तुटलेलं नव्हतं. ती पट्टी कुणी कधी सोडली नव्हती. पुन्हा गुंडाळली नव्हती.

तार सुटलेली नव्हती. कधीच नाही.

मागे दाराचा आवाज झाला. डेझ्मंड आत आला होता. त्याचा चेहरा मला लाल दिसला, म्हणजे उजेड त्याच्यापर्यंत पोचत होता.

"रेडिओ का बंद केलास?" त्यानं विचारलं. मग त्याची नजर केबिनकडे गेली. "बंद कर ते."

"काय बंद करू?"

"तो दिवा. बंद कर, मॉरिस."

राजा म्हणाला नाही.

"दिवा नाहीये, डेझ," मी म्हटलं. "खोबणी रिकामी आहे. तार जशीच्या तशी आहे."

तो रंगाच्या पिंपावर बसला.  मग कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि मुठीत काहीतरी घेऊन बाहेर काढलं.

छोटासा लाल बल्ब.

"निघायच्या आधीच काढला होता," तो म्हणाला. "आदल्या वर्षासारखं नको म्हणून. दोन तासांचा तर प्रश्न होता. कोण मरतंय दोन तासांत, म्हटलं."

मी केबिनमधून खाली उतरलो.

"खिशात टाकला आणि विसरलो. चर्चच्या कोपऱ्यावर..." तो थांबला. "खिसा लाल झाला, मॉरिस. जाड लोकरीचा कोट, तरी आतून लाल. लागला, विझला. लागला, विझला. तीन वेळा. बल्ब नुसता खिशात होता, तारेला नाही, कशाला नाही."

"मग तू काय केलंस?"

"परीक्षक समोर दिसत होते."

एवढंच म्हणाला. मग हातातल्या बल्बकडे पाहत:

"मी खिशावर हात ठेवला. उजेड दिसू नये म्हणून. आणि चालवत राहिलो. तेव्हापासून तो बरोबरच आहे, टाकवत नाही."

"मग मला तार सुटली असं का सांगितलंस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज होती, पण थोडं नवलही होतं, एवढं साधं कसं कळलं नाही, असं.

"तू लगेच विश्वास ठेवशील, हे माहीत होतं," तो म्हणाला.

लाल उजेड विझला. रेडिओ आपोआप सुरू झाला. कुठल्यातरी गावचं हवामान सांगत होते.

त्यानं बल्ब माझ्या तळहातावर ठेवला आणि निघून गेला. बल्ब बर्फासारखा गार होता. खिशातून काढलेली वस्तू इतकी गार नसते.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, रोज वाटायचं. पण ज्या एका माणसाला सांगायचं होतं, ती आई ब्याण्णव सालीच गेली होती, माझं खोटं ऐकून. डेझ्मंड दोन वर्षांनी वारला. चर्च भरलं होतं. क्लबच्या लोकांनी मला त्याच्यावर चार शब्द लिहायला सांगितले.

मी लिहून दिले. सवय.

आता हे का लिहितोय, तर एक कोडं मला सुटत नाही.

मला वाटलं होतं, खरं कळलं की तो थांबेल. ऑब्री दोष देत नव्हता, हे आता मला कळतं. तो बटण दाबत होता. मदत मागत होता. दरवर्षी, माझ्या डोक्यावर, आणि मी रेडिओ मोठा करत होतो. डेझ्मंडनं एकदा खिशावर हात ठेवला. मी एकोणतीस वर्षं ठेवला.

बल्ब माझ्या टेबलाच्या खणात आहे, तंबाखूच्या जुन्या डब्यात, कापसात. घरात रेडिओ नाही.

गेल्या नोव्हेंबरात, कार्निव्हलच्या संध्याकाळी, मी वाचत बसलो होतो. लांबून बँडचा आवाज येत होता. अचानक तो थांबला. घड्याळाची टिकटिकही थांबली.

खणाच्या फटीतून एक लाल रेघ टेबलावर पडली.

गेली.

पुन्हा पडली... गेली.

आठला वीस कमी.

मी उठून उभा राहिलो.  मोठ्यानं म्हटलं, "आलो, ऑब्री. आलो."

तिसऱ्यांदा रेघ पडली, आणि या वेळी ती विझली नाही.

मी कोट घातला. दार उघडलं. रस्ता रिकामा होता.

उंबऱ्यावर तसाच उभा राहिलो. कुठे जायचं, ते मला माहीत नव्हतं.