पावणेतीनची तीन मिनिटं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथा घेत बसणार नाही. यातला एक शब्दही पदरचा नाही. पदरचं घालायचं असतं तर मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

मंगळवार होता. भर दुपार. ना अमावस्या, ना स्मशान. तिकीट काढून आत जायचं साधं संग्रहालय. जुने रेडिओ, तारयंत्रं, टेलिफोन.

बरोबर माझे काका होते. वय अठ्ठ्याहत्तर. सगळी नोकरी किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्रात गेली. कानाला हेडफोन लावायचे आणि जहाजांकडून येणारे टिंब-रेघांचे संदेश उतरवून घ्यायचे.

माझे बाबा त्यांचे थोरले भाऊ. तेही ऑपरेटरच, पण जहाजावरचे.

मी सहा वर्षांची असताना बाबांचं जहाज बुडालं. एकोणीस माणसं गेली.

चौकशी झाली. त्या दुपारी किनाऱ्यावर ड्यूटीला काकाच होते. त्यांनी सांगितलं, मदतीची हाक आलीच नाही. निकाल लागला... जहाजावरचा ऑपरेटर जागेवर नव्हता. झोपला असावा.

त्यानंतर आई बत्तीस वर्षं जगली. दुकानात, दवाखान्यात, जिन्यावर, कुठेही गेली तरी मागून शब्द यायचेच. "हिच्या नवऱ्याच्या झोपेनं आमची माणसं खाल्ली." आई मान खाली घालून ऐकून घ्यायची.

आम्हाला सांभाळलं काकांनी. आई त्यांना देवमाणूस म्हणायची.

तर, त्या मंगळवारी काका यायलाच तयार नव्हते.

"अहो चला हो. तुमच्या वयाचे डबे आहेत तिथे, जरा गप्पा मारा."

"त्या डब्यांना निदान विश्रांती तरी मिळाली," काका म्हणाले. "मला तुझ्यामागे फिरावं लागतंय."

पण आले.

वरच्या मजल्यावर जहाजातली रेडिओची खोली जशीच्या तशी मांडली होती. टेबल, रिसीव्हर, संदेश ठोकायचा पितळी खटका, हेडफोन, कोरी वही, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. भिंतीवर चालू घड्याळ. त्याच्या तबकडीवर दोन लाल पट्टे होते. पंधरा ते अठरा मिनिटं, आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस.

माहिती द्यायला एक निवृत्त मेकॅनिक होते. त्यांना सगळे व्हॉल्व्ह मास्तर म्हणायचे.

"ही तीन-तीन मिनिटं मौनाची," मास्तर म्हणाले. "तासात दोनदा. सगळ्या ऑपरेटरांनी हात आवरायचा आणि फक्त ऐकायचं. लांबून कोणी मदत मागत असेल तर त्याचा क्षीण आवाज पोचावा म्हणून."

"आणि कोणी मध्ये बोललंच तर?"

"तर बुडणाऱ्याची हाक त्याच्याखाली दबते."

काका एकदम म्हणाले, "चल, मला खाली जायचंय."

तेवढ्यात मास्तरांना खालून कोणीतरी बोलावलं. ते गेले. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

काटा पंचेचाळीसवर आला. पावणेतीन.

आणि...

आवाज गेले.

खाली एक मूल मघापासून रडत होतं. ते ऐकू येईना. रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येईनात. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नव्हती.

मग हेडफोनमधून... बारीक... टिक्... टिक् टिक्...

मी टेबलामागे वाकून पाहिलं. हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. तिचं टोक मोकळं लोंबत होतं.

काका टेबलाजवळ सरकले.

"दादाचा हात आहे," ते पुटपुटले.

प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ठोक्यांवरून माणूस ओळखता येतो. बाबा शेवटची रेघ लांबवायचे. लाडात आलेल्या पोरासारखी.

आता मीही ऐकत होते. प्रत्येक वेळी शेवटची रेघ... लांब...

काकांनी हेडफोन चढवले. पेन्सिल उचलली. अक्षरं सरळ उमटत होती.

"इंजिनखोलीत पाणी. एका बाजूला कललोय. एकोणीस माणसं. कोणी ऐकतंय का."

मग तेच पुन्हा. मग पुन्हा.

चौथ्यांदा मजकूर बदलला.

"धाकट्या, तूच आहेस. हात ओळखला. थांब. मला बोलू दे."

मी त्यांच्या खांद्यावरून ते वाचलं.

"काका... हे काय आहे?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते. "मी बुद्धिबळ खेळत होतो गं. दुसऱ्या केंद्रातल्या मित्राशी, ठोक्यांवर. मौनाच्या वेळात घोड्याची चाल पाठवत होतो. माझ्या ठोक्यांखाली काहीतरी कुरकुरत होतं. दादाचा हात वाटला... पण चाल अर्धी होती. पुरी केली. मग ऐकलं, तर काहीच नव्हतं."

"आणि ड्यूटीच्या वहीत काय लिहिलंत?"

"काही ऐकू आलं नाही."

त्यांचा हात खटक्याकडे गेला. "एकदा 'मिळालं' म्हणून ठोकतो. उत्तर मिळेपर्यंत ऑपरेटर तोच संदेश परत परत पाठवतो. तो थांबणार नाही, पोरी."

मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. हाड लागेपर्यंत.

अठ्ठेचाळीसला पंख्याची घरघर परत आली. खालचं मूलही पुन्हा रडायला लागलं.

इथवरचं सगळं त्या खोलीनं केलं. पुढचं मी केलं.

घरी आल्यावरही काकांना तासात दोनदा ते ठोके ऐकू यायचे. पंधराला आणि पंचेचाळीसला. जेवताना, अंघोळीत, पहाटे. ते उठून भिंतीवर, वर्तमानपत्रावर, हाताला लागेल तिथे तेच चार ओळींचं लिहायचे. टेबलावर बोटांनी उत्तर ठोकायचे.

"पोचत नाही. त्या खटक्यावरूनच जाईल. मला तिथे ने. मग म्हणशील त्या कागदावर सही करतो. दादा झोपला नव्हता, असं लिहून देतो."

मला तेवढंच हवं होतं. बाबांच्या नावावरचा डाग पुसायचा होता. गाडीतून वीस मिनिटांचा रस्ता.

मी म्हटलं, "आईनं बत्तीस वर्षं ऐकलं. तुम्ही बत्तीस दिवस ऐका. मग नेते."

आणि दाराला बाहेरून कुलूप लावलं.

मला मजा वाटत होती, हे खरं आहे. काटा पंधरावर यायला लागला की त्यांचे डोळे घड्याळाकडे जायचे, आणि मी मुद्दाम समोर खुर्ची घेऊन बसायचे.

नवव्या दिवशी, पावणेतीन वाजून दोन मिनिटांनी काका गेले. हातात पेन्सिल होती. सही कशावरच नव्हती.

त्यांनी खरडलेले कागद मी चौकशी कचेरीत नेले. तिथल्या साहेबांनी चाळले आणि परत दिले. "भ्रमिष्ट म्हाताऱ्याचं अक्षर आहे हो हे. याला कोण विचारतो?"

बाबांच्या नावापुढे अजून तेच लिहिलेलं आहे.

काका गेल्यावर तेराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. पावणेतीन वाजले. नळ सुरू होता... पण पाण्याचा आवाज गेला.

टिक्... टिक् टिक्... आणि शेवटची रेघ लांब...

माझ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही ते ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात मी संग्रहालयात गेले. 'मिळालं' कसं ठोकायचं, ते व्हॉल्व्ह मास्तरांनी कागदावर लिहून दिलं. कशासाठी, ते विचारलं नाही. मी त्या टेबलाशी बसले. पावणेतीन झाले. हेडफोनमध्ये ठोके आले. मी खटका दाबला. सावकाश, कागदात बघून. एकही चूक केली नाही.

ठोके थांबले.

मी खटक्यावरून हात उचलला.

मग ते पुन्हा सुरू झाले... पहिल्यापासून...

बाबांनी माझा हात ओळखला नाही. कुठून ओळखणार? मी सहा वर्षांची होते.