चौथ्या दगडावरचा पंजा

सांगलीतल्या एका छापखान्यात चौसष्ट साली केरबाला घबाड सापडलं. मोडक्या फळ्यांखाली शिळाछापाचे चार दगड होते, सत्तर वर्षांपूर्वीच्या केशतेलाच्या जाहिरातीचे. पिवळ्या, तांबड्या, निळ्या आणि काळ्या रंगाचा एकेक. वेणी घालणारी बाई, नुसत्या बारीक ठिपक्यांनी काढलेली. केरबाचा आनंद पोटात मावेना.

मालक नाथाजीराव मात्र जुने दगड उद्याच फरशीला धाडणार होते.

"सांजच्याला एक तरी नितळ कागद दाव," ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ देत तुझं दगड."

झालं! केरबानं कंबर कसली. हाताखालची हरणाबाई दगडावर ओला बोळा फिरवायची, तो शाईचा रूळ. तेलकट खडूचे ठिपके तेवढे शाई धरत, बाकीच्या ओल्या दगडाला शाई लागत नसे. बोटाचं तेल लागलं तरी डाग उमटायचा, म्हणून दोघंही दगडाला कडेनंच धरत.

तीन कागद घेतले, प्रत्येकावर पिवळा, तांबडा, निळा झकास बसले. बाईचा गाल रसरसला. राहिला काळा. केरबानं पहिला कागद काळ्याच्या दगडावर दाबून उचलला... गालावर पाच बोटं.

"हरणाबाई, हात लावलास?"

"न्हाई वं, दादा... माज्या हातात बोळा हाय."

दगडावर बोटांचा मागमूस नव्हता. दुसऱ्या कागदावर गाल स्वच्छ, पण बोटं पार कडेला आलेली, बाहेर पडायला निघाल्यासारखी.

"दादा, ऱ्हाऊ द्या... माक्याच्या तेलाचा वास येतोय."

वास केरबालाही येत होता. पण इथं थांबलं तर उद्या दगड फरशीला जाणार. त्यानं शेवटचा कागद दाबला, उचलला. लख्ख! एक डाग नाही!

पाठीवर शाबासकीची थाप पडली.

"बगितलं न्हवं, मालक?" केरबा कागदावरची नजर न काढताच ओरडला.

"काय झालं रं?" नाथाजीराव तेव्हा कुठे दारातून आत येत होते.

कागद पाहून ते खूश झाले. दगड वाचले. केरबाला नाचावंसं वाटलं. इतका वेळ समोर बसलेली हरणाबाई मात्र आता उठून त्याच्या मागं गेली.

"दादा... सदरा काडा."

सदऱ्याच्या पाठीवर बाईचा काळा पंजा होता. फराटा नव्हे, बारीक ठिपक्याठिपक्यांनी काढलेला.

रॉकेलनं चोळून सदरा धुतला. पंजा पार गेला. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या सदऱ्यावर तो पुन्हा होता, कालच्यापेक्षा चार बोटं वर, मानेपाशी.