छाती शहाण्णव

चिठ्ठी वाचून मी हबकलेच. छाती ९६, उंची ७३, बाही ६१!

इनामगावच्या एसटीचे ड्रायव्हर म्हस्कूमामा ही चिठ्ठी आणि शर्टाचं कापड आमच्या शिरूरच्या टेलरिंगच्या दुकानात टाकून गेले होते. तिकडच्या शाळेत नवीन आलेल्या विज्ञानाच्या सरांचा शर्ट म्हणे. मी स्वतः उभी राहून जेमतेम साठ इंच भरते, आणि या माणसाची नुसती बाही एकसष्ट! मी मामांकडेच उलटा निरोप धाडला, "कापड पुरत न्हाई, अजून पाच मीटर द्या."

दुसऱ्या दिवशी भुरभुर पावसात एक सडपातळ तरुण छत्री मिटत दारात उभा राहिला.

"पाच मीटर... कशाला लागतंय?"

"सरांचा शर्ट हाय. लय दांडगा माणूस हाय तो."

"सर मीच."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. त्यानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि असा काही हसला... की मला रागच आला.

"अहो, हे सेंटिमीटर आहेत!"

"मग तसं लिवायचं की! आमच्याकडं समदं इंचात चालतंय."

"कापड मीटरनं घेता आन् कापता इंचात? टेप जरा उलटा करून बघा."

टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर होतेच. सात वर्षं शिवतेय, पण त्या बाजूकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग ज्ञानेश सर दर शनिवारी येऊ लागले. सकाळची शाळा सुटली की दुपारी दारात हजर... कधी बटण तुटलं म्हणून, कधी बाही उसवली म्हणून. बटण लावेपर्यंत माझ्या वडिलांशी वाद चालायचा. "आण्णा, दूध लिटरनं, साखर किलोनं, मग माणूसच फुटात का मोजायचा?" आण्णा "व्हय, व्हय" म्हणायचे आणि इंचातच कापायचे. मी मात्र बदलले. सोजराबाईंच्या ब्लाउजचं माप घेताना म्हटलं, "कंबर ऐंशी." त्या केवढ्यांदा ओरडल्या, "ऐंशी? मी काय म्हस हाय व्हय गं?" मी तेही ऐकून घेतलं. प्रेमात पडले होते, दुसरं काय!

आणि एका शनिवारी सरांनी क्रीम रंगाचं कापड पुढे ठेवलं. "उद्या सकाळी पायजे, शितल. दौंडला मुलगी बघायला जायचंय. माझ्या सख्ख्या मामांनी ठरवलंय."

माप लिहून घेतलं, तेही दोनदा चुकलं.

आपल्या माणसानं दुसरीला बघायला जावं, आणि त्याचा शर्ट आपणच शिवावा! एक बाही आखूड कापायचं मनात आलं होतं, पण हात धजला नाही. रविवारी सकाळी त्यांनी तो आमच्या दुकानातच अंगावर चढवला. शिवण कुठे चुकली नव्हती.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं. दौंडची एसटी सुटायला दहा मिनिटं होती.

"जाऊ नका."

हे मीच बोलले? आण्णांचं मशीन थांबलं. सर माझ्याकडे वळले.

"का?"

"मला... मला न्हाई खपायचं. तुमी दुसऱ्या कुणाला बघितल्यालं."

ते मटकन बाकावर बसले. "अगं, मग आधी बोलायचं न्हाई का? सहा महिने मी स्वतःच्या हातानं बटणं तोडतोय!"

आता थक्क व्हायची पाळी माझी होती. मी काही बोलायच्या आत ते उठून समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते. आण्णा माझ्याकडे बघत नव्हते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

परत आले तेव्हा नवा शर्ट घामानं भिजला होता.

"काय म्हणाले मामा?" मी कसंबसं विचारलं.

"आधी शिव्या घातल्या. मग विचारलं, मुलगी कुणाची?"

"मग?"

"म्हटलं... आण्णांची."

आण्णांनी चष्मा वर सारला. "व्हय, आन् अजून माझीच हाय," ते म्हणाले. "नीट बसा सर. शितल, च्या टाक."