वैजनाथच्या खिशातली ग्रिप

हे खरं घडलंय. माझ्याच बाबतीत.

तरी लिहिताना वाटतं, तुम्ही म्हणाल, म्हातारा वाचून वाचून बिघडला. मलाही अधूनमधून तसंच वाटतं.

ऑगस्ट २००१. गुरुवार. वारज्यातलं माझं लहानसं घर. रात्रबित्र नव्हती... सकाळचे अकरा वाजत आले होते.

एका कंपनीच्या ग्रंथालयात तीस वर्षं मी पुस्तकांच्या पाठींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एकदा तरी हातांनी काही घडवावं म्हणून लाकूडकामाचं लेथ मशिन सांगितलं. ते शुक्रवारी मागच्या शेडमध्ये येणार होतं.

शेडपर्यंत वीज न्यायचं काम वैजनाथकडे होतं. मूळचा बीडकडचा, राहायला कात्रजला. बंद पडलेल्या कारखान्यातला वायरमन.

त्याची एक सवय होती. आधी व्हरांड्यातल्या मेन बोर्डावर टेस्टर तीनदा आपटायचा. टक... टक... टक.

मग फ्यूजची चिनी मातीची पांढरी ग्रिप ओढून काढायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. म्हणजे अख्ख्या घराची वीज बंद. ग्रिप खिशात, मगच हात तारेला.

त्या ग्रिपवर मी चिठ्ठी चिकटवली होती. हिरव्या शाईत, 'मुख्य, घर'. वैजनाथ हसला होता. "सर, पुस्तक समजून ही कुणाला वाचायला देऊ नका."

बुधवारी संध्याकाळपर्यंत त्याने केबल टाकली, अर्थिंग केलं. मागच्या खोलीतल्या बोर्डात दोन तारा जोडायच्या तेवढ्या राहिल्या. ढगांनी अंधारून आलं होतं. ग्रिप परत बसवली, घरातले दिवे लागले, आणि तो निघाला.

"उद्या येतो. तोवर हात लावू नका."

मी म्हटलं, उद्या गुरुवार, लाइट नसणारच.

"गुरुवारवर भरवसा ठेवू नका, सर."

त्या रात्री मी दिव्याखाली अकरापर्यंत वाचत होतो. एवढं लक्षात ठेवा.

गुरुवारी सकाळी लाइट गेली. पुण्यात गुरुवारी जाते तशी. दुरुस्तीचा वार. संध्याकाळी पाचपर्यंत येत नाही, हे आम्ही सगळे धरूनच चालतो.

वैजनाथ आला नाही.

सुनीती, माझी बायको, नारायण पेठेत बहिणीकडे गेली होती. वाटलं, दोन तारा तर जोडायच्या. एवढं तरी आपल्याला जमावं.

ग्रिप काढायचं मनातही आलं नाही. लाइटच नाही, तर काढायची कशाला?

मागच्या खोलीत गेलो. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. पायात काही नाही. बोर्ड उघडला.

आणि व्हरांड्यातून आवाज आला...

टक... टक... टक.

वैजनाथ आला म्हणून बाहेर गेलो. कुणी नव्हतं. फाटकाला आतून कडी होती.

कान वाजत असतील म्हणून परत आलो. घरातली तार सोलली.

टक... टक... टक.

या वेळी मी गेलो नाही. जायला हवं होतं.

एक उघडी तार डाव्या हातात घेतली. दुसरी उजव्या...

आणि शेजारच्या रंगरावांकडचा टीव्ही एकदम ओरडला.

पलीकडे कुणाचा तरी मिक्सर सुरू झाला.

लाइट आली होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी.

दोन्ही तारा माझ्या हातात होत्या. पाय ओल्या फरशीवर.

मला काहीच झालं नाही.

तारा सोडल्या आणि व्हरांड्यात गेलो.

मेन बोर्डावर ग्रिपची जागा रिकामी होती.

अख्खं घर शोधलं. वाटलं, मीच काढून कुठे ठेवली असेल. मी विसरतो. पण सापडली नाही. वैजनाथलाच विचारावं म्हणून दुपारी कात्रजला गेलो.

त्याच्या दारात चपला होत्या. खूप चपला.

बुधवारी संध्याकाळी सात वाजता, घरी जाताना, बसमध्येच छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

त्याची बायको सोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. मी नाव सांगितलं. तिने दवाखान्यातून मिळालेलं, अजून न उघडलेलं पाकीट पुढे केलं.

"खिशातलं सामान हाय ह्यात. तुमचं काही असंल तर बघा, सर. दुसऱ्याची वस्तू ते घरात ठिवत नव्हते."

पाकिटात टेस्टर होता, बसचं तिकीट होतं...

आणि पांढरी ग्रिप. हिरव्या शाईत, 'मुख्य, घर'.

हातात घेतली. कोमट होती.

ती परत बोर्डात बसवायला मी धजलो नाही. रात्री मेणबत्तीच्या उजेडात सुनीतीला विचारलं, काल मी खरंच दिव्याखाली वाचत होतो का?

"अहो, अकराला मीच उठून दिवा बंद केला. पुस्तक छातीवर घेऊन घोरत होतात."

त्या दोन तारा मी कधीच जोडल्या नाहीत. मशिन दारातूनच परत पाठवलं. मेन बोर्डात नवी ग्रिप बसवली. जुनी, सोजरबाईला विचारून, माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

गुरुवारी लाइट गेली की ती हातात घेऊन बघतो. दर वेळी कोमट लागते.

माझ्याच हाताची ऊब असेल.

असेल ना?