रेमुसमामाची म्हातारी

"बर्फ बोलायला लागला, की आपण गप्प बसायचं, ऐकायचं आणि माघारी फिरायचं!"

पर्वत-बचाव पथकातल्या वेतुरियामावशीचे हे शब्द इलिंकाला आठवले आणि ती खिडकीशीच थबकली. रात्रभर पन्हाळीतून पाणी टपकत होतं. मार्चच्या सुरुवातीला, रेमुसमामाच्या डोंगरातल्या विश्रामगृहात, पहाटेही गोठलं नव्हतं! आणि आता समोरच्या घळीत परवाच्या ताज्या बर्फावरून लाडवाएवढे गोळे गडगडत खाली येत होते.

"कुणी ढकलले?" तिच्या धाकट्या भावानं, सावानं विचारलं.

"कुणीच नाही! तेच तर!" इलिंका म्हणाली.

मामेभाऊ दोरूनं नाक काचेला लावलं. "तो बघ, चाकाएवढा झाला! आणि बाबा पाहुण्यांना घेऊन तिथूनच वर जाणारेत!"

तिघंही अंगणात धावले. रेमुसमामा स्की साफ करत मजेत शीळ घालत होता.

"मामा, आज नको ना! घळ बोलतेय!"

"अगं, आज तर माझी म्हातारी!" मामा हसला. मार्चच्या पहिल्या नऊ दिवसांतला एक दिवस तिथं प्रत्येक जण आपली 'म्हातारी' म्हणून निवडतो. तो दिवस जसा उजाडेल, तसं त्याचं वर्ष! "कसं लख्ख ऊन पडलंय, बघ! म्हातारी प्रसन्न आहे. आज मला काय होणार?"

"पण त्या उन्हानंच तर बर्फ सुटतोय, बाबा! बर्फाला थोडीच ठाऊक, म्हातारी कुणाची ते?"

"चल रे, उंदरा! पाहुण्यांची न्याहारी झाली की निघालोच." मामा त्यांना बोलवायला आत गेला.

दोरूनं इलिंकाची बाही ओढली. "बाबा ऐकणार नाहीत. आता काय करायचं?"

इलिंकाची नजर भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांवर गेली. स्कीच्या तळाला या पट्ट्या चिकटवल्याशिवाय चढ चढताच येत नाही, पाय मागं घसरतात.

"सावा, मक्याच्या पिठाचा डबा आण. पळ!"

"अगं, पण त्याच पिठाच्या दुपारच्या घट्ट लापशीचं, मामालिगाचं काय?"

"उपास घडेल. पुण्य लाभेल!"

देवाची मनोमन क्षमा मागून तिनं पट्ट्यांच्या डिंकावर मूठ मूठ पीठ चोळलं. एकसुद्धा पट्टी सोडली नाही.

थोड्याच वेळात मामाची आरोळी आली, "चिकटत का नाहीत या? हे पीठ कुणी फासलं?"

इलिंका पुढं झाली. "मी. हवं तर रागवा, मामा. पण जाऊ नका."

"तिघंही माझ्यासमोर बसा! या पट्ट्या साफ करायला दुपार होईल! पाहुण्यांना मी काय तोंड..."

मामाचं वाक्य अर्धंच राहिलं.

आधी पोटात घुमावा तसा खोल आवाज झाला. मग घळीचा माथा भेगाळला आणि अख्खा उतार सुटला! झाडं काडीसारखी मोडली. बर्फाचा धुरळा अंगणापर्यंत येऊन सगळ्यांच्या भुवयांवर बसला. मामा ज्या वाटेनं जाणार होता, ती वाट आता दिसतच नव्हती.

मामानं टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि मटकन पायरीवर बसला. दोरू त्याच्या गळ्यात पडून रडत होता, हसतही होता. पाहुणे मुलांचे हात धरून पुन्हा पुन्हा आभार मानत होते.

आवाज ऐकून वेतुरियामावशी खालच्या गावातून धापा टाकत वर आली. सगळी माणसं मोजून झाली तेव्हाच तिच्या जिवात जीव आला. मग ती धाकट्या भावाकडे वळली.

"रेमुस, गाढवा! ऊन पाहिलंस, उतार नाही पाहिलास?" तिनं मुलांना जवळ घेतलं. "आणि तुम्ही! माझ्या पथकातल्या मोठ्यांनाही हे सुचलं नसतं. शाबास!"

"पण मामालिगा बुडाला," सावा पुटपुटला. सगळे खो खो हसले.

झोपताना दोरूनं बाबांचा हात सोडला नाही. "दुसरं कुणी त्या बाजूला गेलं तर?"

"खालच्या रानातच वाट दोरानं बंद करतो. दिला शब्द!"

पहाटे कडक गोठलं होतं, घळीतला बर्फ गप्प होता. घर अजून झोपेत होतं. मामानं दोरूचं पांघरूण नीट केलं, दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं आणि दाराचा आवाज होऊ न देता तो रानाकडे निघाला.