लाल मडगार्ड

कुसुमताई वाळुंजकर खुर्चीवर बसल्या, पाण्याचा पेला हातात घेतला आणि प्यायचं विसरून गेल्या.

"मला एवढंच कळायला हवं," त्या म्हणाल्या, "की आमचे हे माझ्या बोलण्यानं गेले का."

नानासाहेब खळदकरांनी समोरची वही मिटली. शनिवार पेठेतल्या त्या खोलीत शोध लावून घ्यायला एकेक नमुना यायचा. कुणाचा दागिना हरवलेला, कुणाचा जावई पळालेला. असला प्रश्न घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"पहिल्यापासून सांगा. घाई नाही."

बाईंनी सांगितलं. आवाज सपाट, दुसऱ्या कुणाचं पत्र वाचून दाखवावं तसा. त्यांचे यजमान सयाजीराव मुंबईला होड्या बांधायच्या कारखान्यात होते. काचेचं कापड आणि राळ यांची होडी. ती विद्या घेऊन ते दोन वर्षांपूर्वी, म्हणजे सत्तावन्न साली, चिंचवडला परतले आणि घरामागं पत्र्याची शेड टाकून मोटारींची मडगार्डं करू लागले. पत्रा ठोकायचा नाही. मडगार्डाचा प्लास्टरचा साचा करायचा, त्यात काचेचं कापड बसवायचं, वर राळ चोपडायची. सुकलं की साच्यातून अख्खं मडगार्ड बाहेर. वजनाला हलकं आणि गंज नाही.

"पण वास फार. डोकं उठतं माझं," कुसुमताई म्हणाल्या. "त्या मंगळवारी सकाळी साडेआठला साच्याला मेण लावून झालं आणि यांनी लाल रंगाचा डबा उघडला. मी म्हटलं, या वासात मरायचं तर एकटे मरा, मी चालले. आणि आकुर्डीला बहिणीकडे निघून गेले. संध्याकाळी साडेपाचला परत आले. शेडमध्ये कुणी नाही. मागं विहिरीत पाहिलं."

कोपऱ्यात सुपारी कातरणारे दौलतराव थांबले. दौलतराव म्हणजे रेल्वेचे निवृत्त गार्ड आणि नानासाहेबांचे जुने स्नेही. त्यांची अक्कल पॅसेंजर गाडीसारखी, पोचायची नक्की, पण प्रत्येक स्टेशन घेत.

"आज आठवा दिवस," बाई म्हणाल्या. "मला रडू येत नाही. झाडते, भाकऱ्या थापते, सगळं करते. फौजदारांनी लिहिलं, जीव दिला. गाव म्हणतं, बायकोच्या तोंडापायी गेला. मोठे दीर म्हणतात, तेरावं झालं की घर सोड. सोडीन. पण खरं काय ते कळू दे."

दुपारच्या गाडीनं तिघं चिंचवडला उतरले.

शेडला बाईंनी त्याच दिवशी कुलूप घातलं होतं, त्यामुळं सगळं जागच्या जागी होतं. मध्ये दोन लाकडी घोड्यांवर साचा, गुरांच्या गव्हाणीएवढा. त्यात सुकलेलं काम तसंच पडून होतं. मधाच्या रंगाचं, खरखरीत, कडेला कापडाचे धागे बाहेर आलेले. दौलतरावांनी बोट फिरवलं आणि चटकन मागं घेतलं.

"टोचतंय हो हे."

खिळ्याला एक ब्रश टांगला होता, स्वच्छ धुतलेला, केसांवर लालसर झाक. शेजारी लाल रंगाचा डबा, झाकण घट्ट. दुसरा ब्रश खालच्या टमरेलात होता. दौलतरावांनी तो उचलला तर टमरेलही वर आलं. आतली राळ दगड झाली होती.

"राळ घट्ट व्हायला किती वेळ लागतो?" नानासाहेबांनी विचारलं.

"अर्धा तास. म्हणून हातातलं संपलं की लगेच ब्रश धुवायचे. माझी वेणी विसकटली तर दिसायची नाही, पण ब्रशला फार जपायचे."

दुसऱ्या खिळ्याला फडक्यात बांधलेली भाकरी होती. वाळून खडंग झालेली, पण चतकोरही मोडलेली नाही.

"जेवायचे कधी?"

"बाराचा भोंगा झाला की. त्यात कधी खाडा नाही."

"दुःखात असेल माणूस," दौलतराव म्हणाले. "घास कसा उतरणार?"

नानासाहेब खाली वाकले. ते साच्याच्या कडेला नख लावून बघत होते.

सयाजीरावांचे थोरले भाऊ दत्तोबा ओट्यावरच भेटले. बोलायला रोखठोक.

"जागा मागत होतो, लपवत न्हाई. कारखानेवाले समदीकडं जमिनी बघत्यात, आन ह्यो तितं मडगार्डं पिकवत बसला. पर त्या दिशी मी मंचरला सोयरिकीला गेल्तो. पहाटंच निघालो, दिवे लागल्यावर आलो. पंचवीस पाव्हणं सांगतील. त्यो गेला तिच्या जिभंनं, दुसरं कायबी न्हाई."

समोरच्या दारात शालनबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"कुसुम गेली ती म्या बघितली, रागारागानं. मग दुपारपतोर शेडातनं वास येत हुता. मग कमी झाला. चार वाजता बबनराव आला, ह्याच वाटंनं. रोज येतो, सयाजीला च्याला बोलवाया."

"आत गेला?"

"व्हय की. बोलत हुता त्याच्याशी. भाईर येताना म्हनला, 'बरं, उरकून घे मग, मी होतो म्होरं.' मग कोपऱ्यावरच्या हाटिलात बसला. कुसुमची आरोळी आली तवा तितनंच पळत आला."

"सयाजीचा आवाज ऐकलात?"

शालनबाईंनी थोडा विचार केला. "त्यो कवा बोलतो बा? नुस्ती मान हलवायचा."

बबनरावांचं दुकान मुंबई रस्त्याला होतं. मोटारींचा पत्रा ठोकणं आणि रंग देणं. माणूस पन्नाशीचा, मनगटं जाड, बोलणं मऊ. भिंतीला मडगार्डं टांगली होती, एकाहून एक सफाईदार. खालच्या कडेशी पत्र्यात ठोकलेले तीन बारीक ठिपके दौलतरावांना दिसले.

"हे काय?"

"माझी खूण. कामावर नाव कोण लिहितं? पण ठोकणाऱ्याला आपलं ओळखता यायला हवं."

"सयाजीरावांचं काम तुम्ही शिकला नाहीत?" नानासाहेबांनी विचारलं.

"छे. त्या वासात पाच मिनिटं उभं राहवत नाही. मी पत्र्याचा माणूस. पण वीस वर्षांचा दोस्त होता तो."

"शेवटचं तुम्हीच पाहिलंत."

"चार वाजता." बबनरावांनी हातातली हातोडी खाली ठेवली. "मडगार्ड पुरं झालं होतं, रंग तेवढा राहिला होता. लाल डबा ढवळत होता. मी म्हटलं, चल चहाला. तर म्हणतो, एवढा रंग चढवला की मी मोकळा. मोकळा म्हणजे काय, ते मला तेव्हा उमजलं नाही."

"आणि दुपारी कुठं होता?"

"जेवायला. बारा ते दोन दुकान बंद असतं."

रस्त्यावर आल्यावर दौलतराव हळहळले. "रंग चढवायच्या आधीच गेला बिचारा."

"दौलतराव," नानासाहेब म्हणाले, "उद्या सकाळी फौजदारांना शेडवर बोलवा. आणि या सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शेडमध्ये सगळे जमले. फौजदार घड्याळाकडे बघत होते. दत्तोबा दाराशी, शालनबाई त्यांच्या मागं, बबनराव साच्याच्या पलीकडे.

"कुसुमताई," नानासाहेब म्हणाले, "मडगार्ड साच्यातून काढता येईल?"

बाईंनी उत्तर न देता लाकडी पाचरी आणल्या. नवऱ्याला करताना शंभरदा पाहिलं होतं. कडेनं पाणी सोडलं, एकेक पाचर हलके ठोकली. कट्‌कन आवाज झाला. दौलतराव पुढं झाले आणि दोघांनी मिळून मडगार्ड उचलून उलटं केलं.

ते लालभडक होतं. कडेपासून कडेपर्यंत एकसारखं आणि इतकं चकचकीत, की त्यात फौजदारांची टोपी दिसली.

मग दौलतराव म्हणाले, "पण रंग तर राहिला होता ना?"

"पत्र्याच्या कामात रंग शेवटी," नानासाहेब म्हणाले. "ठोका, घासा, मग रंगवा. साच्याच्या कामात सगळं उलटं. साच्याला जे आधी लागतं, ते मडगार्डाच्या अंगावर बाहेरून दिसतं. म्हणून आधी मेण, त्यावर रंग, त्यावर कापड आणि राळ. कुसुमताईंनी कालच मला सांगितलं, साडेआठला मेण झालं आणि लाल डबा उघडला. नऊ-साडेनऊपर्यंत रंग लागला. वर थर चढले. त्यानंतर हा लाल रंग माणसाच्या नजरेला पडणारच नव्हता, आज आत्तापर्यंत."

बबनराव मडगार्डाकडे बघत होते.

"रंगाचा ब्रश सयाजीरावांनी धुऊन टांगला. राळेचा ब्रश मात्र टमरेलात अडकून राहिला. ब्रशला इतका जपणारा माणूस हातातलं काम टाकून बाहेर गेला आणि अर्ध्या तासात परत आला नाही. भाकरीला हात नाही, म्हणजे बाराचा भोंगा त्यांनी ऐकलाच नाही. शालनबाईंना दुपारनंतर वास कमी आला. चार वाजता सयाजीराव जिवंत नव्हते. मग लाल डबा कोण ढवळत होतं?"

"पर त्यो बोलत हुता की," शालनबाई म्हणाल्या.

"बबनराव बोलत होते, रिकाम्या शेडशी. खिळ्याला लाल ब्रश दिसला, साच्यात बिनरंगाचं काम दिसलं. पत्र्याच्या माणसानं पत्र्याचा हिशेब केला, रंग राहिलाय. त्यावर गोष्ट रचली आणि हॉटेलात दहा जणांसमोर जाऊन बसले. सयाजीराव चारला जिवंत होते, हे ठरवण्याची गरज एकालाच. ते बाराच्या आधी मेले हे ज्याला ठाऊक होतं, त्याला."

"का पण?" फौजदारांनी विचारलं. "वीस वर्षांची दोस्ती."

नानासाहेबांनी मडगार्डाची खालची कड दाखवली. लाल रंगात तीन बारीक ठिपके उठले होते.

बबनरावांनी हात पुढं केला. अंगठा ठिपक्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा.

"दोन महिने ठोकलं होतं ते मडगार्ड," ते म्हणाले. "जुनी विलायती गाडी, त्याचा वाक कुणाला जमत नव्हता. मला जमला. यानं बघायला म्हणून आणलं आणि त्यावरून साचा घेतला. न विचारता. त्या दिवशी सकाळी एका ड्रायव्हरनं सांगितलं, तसंच दुसरं मडगार्ड सयाजीकडं बघितलं. मी नदीच्या बाजूनं आलो, विहिरीपाशी हाक मारली. हा हसत आला. म्हणाला, अरे बबन, आता तुझी शंभर होतील. मी ढकलला."

ते थांबले. अंगठा अजून ठिपक्यांवरच होता.

"मारायचं मनात नव्हतं. खालून त्यानं दोनदा माझं नाव घेतलं. दोर तिथंच होता. मी तो सोडला नाही. का सोडला नाही, ते मला अजून कळत नाही."

त्यांनी मडगार्डावरचा हात काढला. "रंगसुद्धा आधीच," ते हळू म्हणाले. "म्हणजे रंगाऱ्याचंही काम उरलं नाही."

फौजदार त्यांना घेऊन गेले. दत्तोबा खाली मान घालून उभे होते. "कुसुम," ते म्हणाले, "घर तुजंच हाय. म्या बोललो ते..." ते बाहेर पडले आणि शालनबाईही गेल्या.

कुसुमताई मडगार्डापाशीच उभ्या होत्या.

"मी गेल्यावर यांनी काय केलं?" त्यांनी विचारलं.

"काम केलं. अडीच-तीन तास, मन लावून. आतले थर बघा, एकही बुडबुडा नाही, कुठं सुरकुती नाही. चित्त ठिकाणावर नसलेल्या माणसाचा हात असा चालत नाही."

"म्हणजे मी बोलले, ते मनावर घेतलंच नाही?"

"अजिबात नाही."

बाईंनी मडगार्डावरून हात फिरवला.

"कधीच घ्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षं. मी आपली बोलतेय, बोलतेय, आणि हे आपलं मान हलवतायत. मेलं माणूस..."

आणि त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि तोंडाला पदर न लावता मोठ्यानं रडू लागल्या. दौलतराव पाणी आणायला निघाले. नानासाहेबांनी त्यांचा हात धरला आणि दोघं अंगणात जाऊन उभे राहिले.